गुणपत्रक

माझं टेबल मध्यरेषेच्या अगदी टोकाशी.
सतरा वर्षांची हेमांगी तांडेल मी इथूनच पाहिली.
तेव्हा खाली माती होती, वर साठचे बल्ब,
आणि प्रभादेवीच्या या मैदानाला
चारही बाजूंनी आकाश होतं.
आता मॅट आहे, हॅलोजन आहेत,
चाळिसाव्या मजल्यावरून कुणी कॉफी पीत खाली बघतं.
त्याला आम्ही कॅरमच्या सोंगट्या वाटत असू.

एकोणीस मोसम तिच्या नावापुढे आकडे लिहिले.
स्पर्शाचा एक, बोनसचा एक.
एकदा एका चढाईत चार,
तेव्हा आकडा चौकटीबाहेर गेला, तसाच ठेवला.
पुरुषांना मोटारसायकल, बायकांना मिक्सर,
अशी बक्षिसं त्या काळातली.
कोळीवाड्यातल्या तिच्या घरी बारा मिक्सर आले.
अकरा वाटले.
उरलेल्यात वहिनी अजून खोबरं वाटते.

आता ती छत्तीसची.
डाव्या गुडघ्यात दोन स्क्रू,
बँकेत खेळाडू कोट्यातली खुर्ची,
आणि सल्ला नाक्यानाक्यावर फुकट.
घाग मास्तर म्हणतात, शिखरावर असतानाच उतरावं.
(उतरायलाही गुडघेच लागतात, मास्तर.)
बँकेतले साहेब म्हणतात, प्रमोशनची परीक्षा द्या मॅडम.
पोरी काहीच म्हणत नाहीत.
त्यांच्यातली एक, ऋणाली घरत,
राखीव बाकावरून तिच्या गुडघ्याकडे बघत असते,
काळजीनं की भुकेनं, मला कळत नाही.
दोन्हीनं असेल. त्यात पाप नाही.

काल उपांत्य सामना. शेवटची चढाई. गुण सारखे.
हेमांगी आत गेली, उजवा कोपरा हलला,
तिचा पाय लागला,
आणखी दोघी कमरेला लोंबकळल्या.
ती त्यांना ओढत सरपटत आली,
बोटं रेषेपासून वीतभर लांब,
कबड्डी कबड्डी कब

एवढंच.
पुढचं अक्षर आलं नाही.

पापणीएवढी शांतता.
मैदान ओरडत होतं, पंच बोटांकडे बघत होते.
ती शांतता मी ऐकली,
कारण माझं टेबल तिथंच आहे.
मग बोटं रेषेला लागली.
पंचांनी हात वर केला.
मी लिहिलं : तीन.

माणसं पांगल्यावर ती आली,
गुडघ्याला बर्फाची पिशवी बांधून.
वहीत वाकली.
"ऐकलंत ना, काका?"
म्हटलं, मी पंचांचा हात लिहितो.
माझे कान नियमात बसत नाहीत.
"माझेही नाहीत," म्हणाली. हसली नाही.
त्या तीनवर बोट ठेवून उभी राहिली बराच वेळ,
पोराच्या कपाळाला हात लावून
ताप बघावा तशी.

आज अंतिम सामना.
संघाची यादी आलीय, तिच्याच अक्षरात.
अकरा नावं शाईनं,
बारावं पेन्सिलीनं.
बारावं तिचं.
यादी शाईनंच हवी, असा नियम आहे,
आणि सामना आठला.
साडेसात झालेत.
टोपण काढून बसलोय.
डब्यात खोडरबरही आहे,
तो कुठून आला, आठवत नाही.

पलीकडे हेमांगी मॅटच्या कडेला बसलीय,
एकाच बुटाची नाडी बांधून.
ऋणाली तिच्या गुडघ्याला पट्टी गुंडाळतेय,
घट्ट, मग जरा सैल, मग पुन्हा घट्ट.
हेमांगीचे डोळे मिटलेले,
ओठ हलतायत.
इथून ऐकू येत नाही काही.
मी नुसते ओठ मोजतोय.
अजून तुटलेलं नाही.