खालून दुसरी पायरी

एर्झगेबिर्गच्या उतारावर
जुन्या पायमोज्यांच्या गिरणीत
आता आम्ही आगगाड्या बनवतो,
खऱ्यापेक्षा सत्त्याऐंशी पट लहान.
आम्ही म्हणजे अकरा बायका, दोन पुरुष
आणि माणसांहून जास्त भिंगं.

माझ्याकडे अक्षरं.
डब्याच्या कुशीवर क्रमांक, वजन, डेपोचं नाव,
शेवटच्या तपासणीची तारीख:
खसखशीच्या दाण्याआड दडेल एवढी.
शिक्का उतरताना मी श्वास रोखते.
आमच्या काही अक्षरांच्या डोक्यावर दोन ठिपके असतात,
त्यातला एक निसटला
तर गावाला स्वतःचं नाव ओळखू येत नाही.

महिन्याकाठी एक पत्र येतं.
ऑर्टविन चोखे, पिर्ना.
पट्टी लावून आखलेल्या ओळी, टोकदार पेन्सिल.
‘कंदिलाचा आकडा एक मिलिमीटर डावीकडे सरकलाय.
एक मिलिमीटर म्हणजे खऱ्या डब्यावर एक मूठ.
अंधारात हात तेवढ्यानंच चुकतो.’
पुढच्या महिन्यात:
‘दोन्ही बफर सपाट दिलेत. एक फुगीर असतो.
सपाटाशी सपाट भिडवून
तुम्ही वळण कसं घेणार आहात?’

ऑफिसात त्यांचं नाव रिव्हेटमोज्या.
हिशेबाची रोझविटा म्हणते, या माणसाला बायको नसणार.
असावी. किंवा होती.
एका पत्राच्या पाठीवर वाणसामानाची यादी होती,
मोहरी, काळा दोरा, मेणबत्त्या,
अक्षर वेगळं, शाई विटलेली.
मी ते कुणाला दाखवलं नाही.

मार्चमध्ये आमचा गार्डाचा डबा बाजारात आला.
आम्हाला त्याचा अभिमान होता.
छपराच्या पन्हळीला गंज दिला होता,
पितळी मुठीला हात लागून लागून आलेली झिलई दिली होती.
आठवड्यात पत्र:
‘डावीकडची, खालून दुसरी पायरी सरळ आहे.
ती वाकलेली होती.’

मालकांनी टाइप करून कळवलं,
आम्ही मूळ आराखड्यावरून काम करतो,
आराखड्यात पायरी सरळ आहे,
कळावे.

उत्तर एका ओळीचं:
‘आराखड्यावर कधी कोणी चढलेलं नाही.’

दोन दिवस मी त्या ओळीपाशी अडखळत होते.
जेवणाच्या सुट्टीत, सूप निवत ठेवून,
रद्दीतले डबे घेतले.
पहिली पायरी चिमट्यात तुटली.
दुसरी उडाली ती फरशीवर कुठं गेली
ते अजून कळलेलं नाही,
झाडूवाला उल्फ रोज विचारतो, सापडली का.
तिसरी मेणबत्तीवर धरली, क्षणभर,
आणि नखानं दाबली.
बाहेरच्या कडेला, जराशी.
जिथं घाईतला बूट पडेल तिथं.
मग मला वाटलं, घाई कशाची असेल?
गाडी सुटलेली असेल.
किंवा फलाटावर कुणीतरी उभं असेल
आणि शिट्टी वाजवायला उशीर करून
हा माणूस शेवटच्या क्षणी चढला असेल.
हे छापण्याइतकी जागा डब्यावर नाही.

पाठवून दिला, बिल न लावता.
मालकांना सांगितलं, नग खराब निघाला.
खोटं नव्हतं.

मे उलटून गेला. पत्र नाही.
रोझविटा म्हणाली, बघ, गप्प केलंस त्याला.
मी रोज टपालाची टोपली
तिच्या आधी उचलायला लागले.

जूनच्या दहाला आलं.
त्याच आखलेल्या ओळी, पण त्या थरथरलेल्या,
एक तर पानाबाहेर गेलेली.
‘डबा मिळाला. पायरी तीच आहे.
फक्त केसभर जास्त वाकली.
माझं वजन तेव्हा एकसष्ट किलो होतं.’

संध्याकाळी सगळ्या गेल्यावर
मी आराखड्याचं कपाट उघडलं.
गार्डाचा डबा, डावी बाजू.
एवढ्या वर्षांत त्या कागदाला
कुणी रबरसुद्धा लावलं नव्हतं.
खालून दुसरी पायरी पुसली,
पुन्हा काढली, वाकलेली,
केसभर कमी.