नये

टिंबर मार्केटात, कादरभाईंच्या टपरीवर
तीन महिने मी नुसती कानस धरली.
करवत हातात दिलीच नाही.
दाताला तीन फेऱ्या, आतून बाहेर,
परत येताना कानस उचलायची,
घासत मागे आणू नये.
एका अंगाचे दात झाले की दुसऱ्या अंगाला तेवढेच, मोजून.
नाहीतर काप वाकडा जातो
आणि दोष लागतो झाडाला.

त्यांचं बोलणं बहुतेक 'नये'वरच संपायचं.
तापल्या इंजिनात पेट्रोल ओतू नये.
ओतलं तिथंच दोरी ओढू नये.
हातात झुलवत चालू करू नये,
जमिनीवर ठेव, मागच्या मुठीत बूट रोव, मग ओढ.
खांद्याच्या वर नेऊ नये.
पात्याच्या नाकाचा वरचा कोपरा
लाकडाला लागू देऊ नये.
का, असं विचारलं की कॉलर बाजूला करायचे:
कानाखालून खांद्यापर्यंत
कुणीतरी घाईत घातलेले टाके.

लिटरला वीस मिली तेल.
'अंदाजे' हा शब्द त्या टपरीत
उधारीसारखाच बंद होता.

परवा रात्री प्रभात रोडच्या एका गल्लीत
पर्जन्यवृक्ष आडवा झाला.
सुमेध पहिल्यांदाच बरोबर होता,
हेल्मेट नवं, काचेवरचा प्लास्टिकचा कागद तसाच.
म्हटलं, आधी फिरून बघ.
पडलेलं झाड मेलेलं नसतं,
कुठली फांदी वाकून दबा धरून बसलीय ते शोध.
जिथं दाब तिथं आधी थोडंच काप,
नाहीतर पातं असं पकडतं
की काढायला दुसरी करवत लागते.

पायजम्यातले एक गृहस्थ फाटकाशी आले.
"सहाच्या आत होईल ना? एअरपोर्टला निघायचंय."

भुसा छान पडत होता, जाड, पोह्यांसारखा.
हेच बघायचं, मी सुमेधला सांगतच होतो,
पीठ पडायला लागलं की दात गेले समज,
तेवढ्यात खण्ण.
ठिणगी.
आणि पीठ.

ब्रेक पुढे ढकलला, इंजिन बंद केलं.
गल्लीत एकदम कुत्र्यांचे आवाज ऐकू आले.
कुऱ्हाडीनं खोदत गेलो तर
साली‌च्या आत चार बोटं
गंजलेला खिळा, आणि त्याला धरून
पत्र्याचा तळहाताएवढा तुकडा.
झाडानं पाटी गिळली होती.
अक्षरं उरली होती दोनच,
लाल ऑइलपेंटातली:
'नये'.

काय करू नये, ते झाडानं पचवलं होतं.
गाडी लावू नये, कचरा टाकू नये,
की फुलं तोडू नयेत मधलं अर्धं?
गृहस्थांना दाखवला तुकडा.
उजेडात धरून बराच वेळ बघत राहिले.
"अक्षर आमच्या आप्पांचं," म्हणाले,
आणि सहाचं परत काढलं नाही.

फुटपाथवर बसलो. पातं मांडीत नाही, ओंडक्यावर.
साखळी गार होऊ दिली, मग ताण बघितला,
ओढली की सुटावी, सोडली की परत बसावी.
सुमेधनं टॉर्च धरली.
छत्तीस दात एका बाजूचे, छत्तीस दुसऱ्या...
नाही, छत्तीस मिळून. अठरा, अठरा.
झोप आली की मोजणी चुकते.
पहिल्यापासून पुन्हा मोजले.

एक 'नये' कादरभाईंनी सांगितलं नव्हतं,
बहुतेक त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.
कान उघडे ठेवू नयेत.
एकवीस वर्षं झाली, माझ्या डाव्या कानात
ती अजून चालू आहे, लहान आवाजावर,
बंद करायचं बटण नसलेली.
बायको उजव्या बाजूनं बोलते.
रागावली की मुद्दाम डावीकडून.

सुमेधनं मफ गळ्यात अडकवला होता, माळेसारखा.
मी काही बोललो नाही.
उचलून त्याच्या कानांवर बसवला,
आणि दोरी ओढायला
तो बाजूला होईपर्यंत थांबलो.