दिवस अकरावा, चौकट सातवी

गोरेवाड्यात सकाळी साडेसहालाच चटका.
सुतळी ताणून आखलेला
एक मीटर बाय एक मीटर,
माझ्या वाट्याचं रान एवढंच.

सागाची पानं, चाळण झालेली: चौदा.
चितळाच्या लेंड्या, जुन्या.
मुंग्यांचा हिशोब दोनदा चुकला.
ढोक मॅडम लांबूनच ओरडल्या, रोपं किती?
मी लिहिलं, शून्य.

उईकेकाका वाकले,
काडीनं बोटभर माती उकरली.
मुसळीचा कंद,
बाळाच्या करंगळीएवढा.
‘शून्य कायले लिहून राहिली, बाई?
निजली हाये थे.’
आणि माती परत लोटली, पांघरूण घालावं तशी.

तक्त्यात निजलेल्यांचा रकाना नव्हता.

रात्री वसतिगृहात कूलर नुसताच खडखडला.
ओल्या ओढण्या तोंडावर घेऊन
फरशीवर आडव्या सगळ्या.
टॉर्चच्या उजेडात मी मोजल्या:
पंधरा.
सोळावी जागी,
हातात खोडरबर.