टक

ऐक. रेडिओ बंद कर, इंजिन चालू राहू दे,
आणि बॉनेटखाली कान दे.
टक.
हा क्लच.
बाहेरची पुली पट्ट्याबरोबर कायम फिरतच असते, रिकामी.
आतल्या चकतीला चुंबकाने ओढून घेतलं
की कॉम्प्रेसर कामाला लागतो.
बघ, इंजिन जरा खाली बसलं,
डोक्यावर पाटी चढवली की माणूस बसतो तसं.

तौसिफ, दापोलीहून येऊन तुला अठरा दिवस झाले
आणि अठराही दिवस तू विचारतोयस, थंडी येते कुठून?
कुठून नाही येत.
गॅस आत जातो, सीटांमधली, काचांमधली,
बसलेल्यांच्या मानेवरची ऊब उचलतो,
इथे येऊन दाबला जातो, तापतो
(हात नको, परवाचा फोड अजून ओला आहे),
आणि पुढच्या जाळीत जाऊन तो सगळा ताप
रस्त्यावर ओततो.

वादी कबीरमध्ये आज सत्तेचाळीस.
म्हणून त्याला साठ-सत्तरपर्यंत तापावं लागतं.
उष्णता पाण्यासारखी, उतार बघूनच जाते.
बाहेरच्यापेक्षा जास्त तापल्याशिवाय
त्याला बाहेर काही देताच येत नाही.

दुपारी खल्फान आला. नारिंगी-पांढरी टॅक्सी, सूरची भाडी.
"बारीद माफी," म्हणाला, आणि हात झटकले.
कुरय्यातपर्यंत बर्फासारखं गार,
पुढे पंखा नुसता घोंघावतो, हवा नाही.
नमाजासाठी तासभर थांबलो, म्हणाला,
परत आलो तर पुन्हा गार,
आणि गाडीखाली हे एवढं पाणी.

बाबूकुट्टी केबिनमधूनच बोलला,
कॉम्प्रेसर बदल. पंच्याऐंशी रियाल.
त्याने बॉनेट पाहिलंही नव्हतं.

मी घड्याळं लावली, निळा पाइप, लाल पाइप.
लाल काटा ठीक होता.
निळा उतरत गेला, उतरतच गेला.
वीस मिनिटं उभा राहिलो.
टक एकदा ऐकू आलं होतं, सुरुवातीला.
दुसरं आलंच नाही.
तो सोडतच नव्हता.

आत, डॅशबोर्डच्या मागे,
चिंचोक्याएवढा एक सेन्सर असतो.
जाळी शून्याजवळ आली की तो सांगतो, पुरे.
तो मेलेला. सांगणारं कोणी नाही,
म्हणून हा बिचारा दाबत राहिला, दाबत राहिला,
आणि जाळीवर बर्फ चढला,
पांढरा, बोटभर जाड. पंख्याची हवा त्यावर आपटून माघारी.
गाडीत उकडत होतं ते थंडीमुळे, तौसिफ.
हे मला कळायला चार वर्षं लागली होती,
आणि एका कुवेती गाडीचा चांगला कॉम्प्रेसर
मी त्याआधी भंगारात घातला होता.

सेन्सर साडेचार रियाल.
खल्फानने दोनदा विचारलं, बस, एवढंच?
बाबूकुट्टीने बिल फाडलं
आणि त्या संध्याकाळी मला चहा पाठवला नाही.

टेस्टिंग बाकी होतं.
तुला शेजारी बसवलं, थर्मामीटर झरोक्यात खोचला.
बावीस. चौदा. नऊ.
पाच.
टक, सुटला.
इंजिन हलकं झालं. नुसता वारा, नुसता पंखा.
सहा. आठ.
टक, पुन्हा धरला.
मोज म्हटलं तर तू तिसऱ्या टकेला
दरवाज्याच्या काचेला डोकं टेकवून झोपलास,
तोंड उघडं, गळपट्टीवर मिठाचा पांढरा काठ.

टेस्टिंग पाच मिनिटांचं असतं.
मी खल्फानला बोटं दाखवली, दहा. मग परत दहा.
तो हसला, हलव्याचा डबा काढून टपावर ठेवला
आणि सावलीला जाऊन उभा राहिला.

टक. टक.
गाडीच्या नाकासमोर शफीकुल बसला होता,
टायरवाला, ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत.
आपली जाळी त्याच्या तोंडावर फुंकत होती,
तुझ्या मानेवरची, माझ्या मानेवरची सगळी ऊब.
त्याने वर पाहिलं नाही.
एका हाताने स्टूल उचललं,
पाण्याची बादली पायाने ढकलली,
आणि दोन हात पलीकडे जाऊन बसला.