शंभर मिलिमीटर

चौथा मंगळवार. ओउलू, हॉस्पिटलचा तळमजला.
सकाळचे आठ, बाहेर अजून मध्यरात्रच.
कालपासून कॉफी नाही, बिअर नाही,
आज बस चालवणार नाही असं सही करून दिलंय.
'निरोगी' या शब्दापुढच्या चौकोनात खूण
मी पहिल्याच दिवशी केली होती, जरा ऐटीतच.

सिस्टर इर्मेली कागदी पेल्यातून कॅप्सूल देते.
आत काय आहे ते तिलाही माहीत नाही.
ज्याला माहीत आहे तो दुसऱ्या इमारतीत बसतो,
आणि त्याच्या लेखी मी नुसती अकरा नंबर.

डोपामिनचं औषध, डॉक्टर केत्तुनेन म्हणाले होते.
मला वाटलं, म्हणजे मजा.
मासिकात वाचलं होतं: चॉकलेट, लॉटरी, नवं प्रेम.
दिवसाला नव्वद युरो, वर नवं प्रेम. वाईट काय?

मग थांबायचं. दोन तास.
दंडाला पट्टा, एकदा आडवी असताना, एकदा उभी राहिल्यावर.
उभी राहिले की खोली जराशी मागे सरकते.
इर्मेली आकडा लिहिते. काही म्हणत नाही.
तोंडात कापसाचे बोळे एक मिनिट धरायचे,
मग ते वजनकाट्यावर.
आपली थुंकी कुणी सोन्यासारखी तोलेल
असं वाटलं नव्हतं.

एक लाल दिवा लुकलुकतो, वेग वाढत जातो.
ज्या क्षणी लुकलुक संपून नुसता उजेड उरतो
तिथे बटण दाबायचं.
गेल्या मंगळवारी मी बराच वेळ टिकले होते.
आज लवकरच सगळं सपाट झालं.

मग काळोखी खोली.
डोळ्यांना अंधाराची सवय व्हावी म्हणून पंधरा मिनिटं
(आम्हाला ती ऑक्टोबरपासूनच आहे).
कॅमेरा बाहुली मोजतो.
"केवढी मोठी," इर्मेली पुटपुटते. खरं तर तिने सांगायचं नसतं.
बाहुली सताड उघडी, कुणी पाहुणा यायचाय तशी,
आणि घरात मी, पेंगत.

शेवटी कागद. शंभर मिलिमीटरची रेघ.
या टोकाला 'टक्क जागी', त्या टोकाला 'झोपाळलेली'.
असाल तिथे फुली मारा.
मी पेन टेकवलं,
आणि

झोपेला एरवी चाहूल असते, जांभई असते.
हे तसलं नव्हतं.

तीस वर्षं वडील हाइलुओतोच्या फेरीबोटीवर होते,
रात्र-रात्र बर्फाच्या लाद्यांतून, डोळ्यांत तेल घालून.
मग उजवा हात थरथरू लागला. गोळ्या आल्या.
हात सुधारला. चमचा सरळ ओठांपर्यंत जायचा
आणि तिथेच थांबायचा. मिशी राईच्या लापशीत.
मी म्हणायचे, ऐकायचं नसलं की बरी झोप येते तुम्हाला.
घटस्फोटाचं सांगत होते तेव्हाही तेच.
टेबलावर हात आपटला मी. बश्या उडाल्या.
ते दचकले. म्हणाले, "बोल, ऐकतोय."
केवढे मोठे डोळे होते त्यांचे.
मी उठून भांडी घासायला गेले.

खांद्यावर हात. "अकरा नंबर?"
"बोल," मी म्हणाले, "ऐकतेय."

पेनाने फुली मारली नव्हती.
शाईची एक तिरकी रेघ रेघेवरून निघून
कागदाबाहेर, टेबलावर गेली होती.
इर्मेली पट्टी घेऊन वाकली, थांबली.
टेबलावरचं मोजायचं की नाही, नियमांत नव्हतं.
"नवा कागद देऊ?"
"नको."

पाकिटं जूनमध्ये फोडतील.
आज साखरच होती असंही निघेल कदाचित.
टॅक्सीवाल्याने आरशात पाहत विचारलं, झोप नाही झाली वाटतं?
बर्फ खरवडणारी गाडी पुढे हळूहळू चालली होती,
तिचा पिवळा दिवा लुकलुकत होता, लुकलुकत होता,
आणि मी बटणासाठी बोट उचलून बसले होते.