लगतधारक

नोटिशीवर नावं पाच:
सिडको, कांदळवन कक्ष, खारभूमी,
एक मयत, त्याचे वारस दुबईत,
आणि पाचव्या रकान्यात नुसतं ‘खाडी’.
हजर एकही नाही.
अर्जदार चांगुणा बामा मढवी, वय बहात्तर,
हातात कोयता, पायात काही नाही.
‘बस पोरी,’ म्हणाली, ‘पानी उतरू दे, मग मोज.’

घणसोलीच्या मागे, विजेच्या मनोऱ्यांखाली
मी यंत्राचे तीन पाय चिखलात रोवले.
एक सारखा रुतत होता.
सातबाऱ्यावर या गटात खरीप भात उभं आहे
वर्षानुवर्षं, एकाच तलाठ्याच्या अक्षरात.
यंत्राच्या काचेत मात्र तिवरं,
गुडघ्याएवढी, कमरेएवढी,
आणि आत, डोक्यावरून गेलेली.

बांध फुटला त्या साली तिचा नवरा गेला.
कारण वेगळं, पण ती दोन्ही एकाच वाक्यात सांगते.
पूर्वी गावकीची हाक आली की घरटी एक माणूस,
दोन भरत्यांच्या मधे खांड बुजायची.
त्या वेळी गाव कंपन्यांत गेलेलं होतं.
उघाडीची फळी कुणी उचलून नेली.
पाणी आलं, पाण्याबरोबर शेंगा आल्या,
आणि जे उगवलं त्याला कायद्यानं वन म्हटलं.
आता पन्नास मीटरच्या आत
घमेलंभर माती टाकायची तर परवानगी,
आणि ती कुणी द्यायची यावर
तीन कार्यालयांचा पत्रव्यवहार
तिनं आणलाय मासळीच्या पिशवीत.
कागद वाचताना माझ्या बोटांना वास लागला.

मी म्हटलं, मावशी, नियम उगाच नाही.
बांध बांधू दिला की मागून डंपर येतात.
मी मोजलेत असे गट:
पहिल्या मोजणीला भात, दुसरीला भराव,
तिसरीला पार्किंग.
तिला राग आला नाही.
‘माजा पुतन्या तेच बोलतो,’ म्हणाली.
‘तुजा संशय खोटा नाय.’

मग कोयत्यानं दाखवलं:
फुटक्या बांधाचा उरलेला तुकडा,
पाठीवर गवत, कडेला बीळ,
बिळाच्या तोंडाशी चिंबोरीच्या नांग्या.
‘भरतीला कोला जाईल कुठं?
आख्ख्या खाजनात कोरडी जागा तवरीच.
पयला बांध लांबवर होता,
दिवसा आमी चालू, राती तो चाले.
आमचे भातात उंदीर, त्याचे पोटात उंदीर.
तुमी तिवर वाचवलाव, बरा केलाव.
पन यो तुकडा खचला का त्याची पिलां पान्यात,
ता तुमचे कागदान कुठं हाय?’

कागदात नव्हतं.
अर्जातही नव्हतं, तरी मी तो तुकडा मोजला.
अठरा मीटर, चाळीस सेंटिमीटर.
वरच्या ओल्या मातीत पावलं होती,
कुत्र्यापेक्षा निमुळती,
सगळी बांधाच्या मधोमध,
जशी वाट माहीत असणाऱ्याची असतात.

नकाशात आम्ही रेघा दोन काढतो,
अभिलेखाची सलग, वहिवाटीची तुटक.
तुटक रेघेपाशी नाव लिहावं लागतं.
मी रेघ काढली. पेन्सिल तिथेच थांबली.
‘माजा नको लिवू,’ चांगुणाबाई म्हणाली,
‘पुतन्या इकून टाकंल.’
आणि जरा वेळानं, माझ्याकडे न बघता,
‘भात मात्र लावायचाय मला. एक तरी साल.
राता भात. खाऱ्यात तोच येतो.’

साहेब विचारतील, ही रेघ कुणाची.
मी काय सांगेन ते अजून ठरलेलं नाही.
शेऱ्यात लिहिलं: लगतधारक गैरहजर.
मग खोडलं.

भरती वळली होती.
यंत्राचा रुतलेला पाय मी दोन्ही हातांनी उपसला.
खाली खळगा राहिला, मुठीएवढा.
आम्ही दोघी बघत होतो.
त्यात पाणी येण्याआधीच
एक निवटी येऊन बसली.