रकाना क्रमांक अकरा

चोडणच्या फेरीत पिशवी मांडीवर होती.
पाचशे ग्रॅम कोरगूट, लालसर;
कुसळं कापडातून बाहेर येऊन
रायबंदरच्या धक्क्यापर्यंत गुडघ्याला टोचत राहिली.

पिएदादनं ते कॉटखालून काढलं होतं,
बिस्किटांच्या जुन्या डब्यातून.
"कित्याक जाय?" एवढंच विचारलं
आणि तिसऱ्या निवडत बसली.

मी सांगितलं, नोकरीच्या भाषेत नाही,
जमेल तसं:
खाऱ्या चिखलात उभं राहून
हे भात तहान कशी धरून ठेवतं, ते पाहायचंय.
मुळाशी पाणी पोटरीभर, आणि पिता येत नाही.
तोही दुष्काळच, फक्त ओला.
त्याला जे ठाऊक आहे ते उचलायचं,
दुसऱ्या वाणात घालायचं,
जिथं टँकरच्या वेळेवर
माणसं झोपतात आणि उठतात.

"उचलून म्हणजे?"
"कापून. डोळ्याला दिसत नाही इतकं बारीक."
तिनं एक मेलेली तिसरी बाजूला फेकली.
"दिसत नाही ते हिशेबातून पहिलं जातं."

मानशीचं दार दोन वर्षं मोडलेलं.
खालच्या तीन मेरांत आता खारफुटी, बगळे.
ती एकच पट्टा पेरते, बियाण्यापुरता,
आणि स्वतः रेशनचा तांदूळ शिजवते.
हे तिनं तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही.
मीही लिहून घेतलं नाही.

"तांच्या पोटाक पावतलें?"
पावेल, म्हणाले. कदाचित.
आमच्या जाळीघरात
एकवीस दिवस पाणी तोडलेल्या तीस कुंड्या होत्या,
त्यांतल्या नऊ हिरव्या.
खोटं कशाला बोलू,
त्या नऊ कुंड्यांपुढे मला रडू आलं होतं.

"आनी फुडल्या वर्सा, बीं?
तांणी आपलेंच दवरपाचें, काय परत विकतें?"

नदीत ओहोटी लागली होती.
मी पिशवीला गाठ मारली,
मग सोडून पुन्हा मारली.

नमुन्याच्या अर्जात अकरावा रकाना: मूळ धारक.
साहेब म्हणतात, 'स्थानिक' लिहा, सगळे तेच लिहितात.
मी लिहायला घेतलं,
पिएदाद फुर्तादो, मानशीपासून तिसरी मेर, चोडण.
संगणकानं दहा अक्षरं घेतली.
फुर्तादोतला 'दो' बाहेर राहिला,
मेर राहिली, चोडण राहिलं.

मग हजार दाण्यांचं वजन.
चिमट्यानं, शंभराच्या ढिगांनी, दिव्याखाली.
तीन दाणे जास्त निघाले.
वजनात धरता येत नाहीत,
परत पिशवीत टाकले तर पिशवीची नोंद चुकते.

पेनांच्या खोक्यात आहेत अजून.
शनिवारी पहिली फेरी किती वाजता असते,
कुणाला तरी विचारायला हवं.